धूर लागलेल्या रुग्णाचा सराव ग्रामीण रुग्णालयात कसा घ्यावा

गोठ्याला आग लागली की माणूस आधी दावी सोडायला आत धावतो. बैल बाहेर येतात, त्यांच्यामागून तो येतो, खोकतो, तोंडावर पाणी मारतो आणि ‘मला काही झालं नाही’ म्हणत ओट्यावर बसतो. तास-दीड तासाने घरची मंडळी त्याला ग्रामीण रुग्णालयात आणतात, तेव्हा अंगावर भाजल्याची खूण तळहाताएवढी असते, बोटाला लावलेला पल्स ऑक्सिमीटर ९८ दाखवतो आणि रात्रपाळीचे डॉक्टर जखमेवर मलम लावून त्याला बाकावर बसवतात. पुढच्या काही तासांत हाच माणूस घुसमटू शकतो. असा रुग्ण एखाद्या लहान रुग्णालयात वर्षाकाठी एखाद-दुसराच येतो, त्यामुळे केवळ अनुभवाच्या जोरावर त्याची तयारी होत नाही. ती सरावानेच करावी लागते.

सराव आखणाऱ्याने आधी स्वतः एक गोष्ट नीट समजून घ्यावी, ती म्हणजे धुराने होणाऱ्या तीन इजा वेगवेगळ्या वेळापत्रकाने चालतात. कार्बन मोनॉक्साइड आणि सायनाइड यांची विषबाधा आगीच्या जागीच झालेली असते आणि रुग्ण दारातून आत येतो तेव्हा ती अंगात असतेच. गरम हवेने घसा आणि स्वरयंत्र भाजते, पण तिथली सूज हळूहळू चढते आणि पहिल्या चोवीस तासांत कधीही श्वासमार्ग बंद करू शकते. त्याखाली, फुप्फुसाच्या बारीक नळ्यांमध्ये, काजळी आणि झोंबणारी रसायने दाह निर्माण करतात, त्याचे गंभीर परिणाम बहुधा एक ते तीन दिवसांत दिसतात. ग्रामीण रुग्णालयाच्या वाट्याला यांतले पहिले दोन भाग येतात, म्हणून सरावही त्यांचाच घ्यावा. तिसरा भाग वरच्या रुग्णालयावर सोडावा.

राहिला तो ९८ चा आकडा. कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो, आणि साधा पल्स ऑक्सिमीटर ज्या दोन प्रकाशलहरींवर चालतो त्यांना ऑक्सिजन वाहणारे हिमोग्लोबिन आणि कार्बन मोनॉक्साइडने अडवलेले हिमोग्लोबिन यांतला फरक कळत नाही. परिणामी रक्तात विष असताना यंत्र नेहमीसारखा चांगला आकडा दाखवते. हे वाक्य परीक्षेत बहुतेक जण बरोबर लिहितात. तरीही प्रत्यक्ष रुग्ण समोर आला की नजर आकड्याकडे जाते आणि हात मास्ककडे जात नाही. कोविडच्या काळात तर ९४ च्या वर म्हणजे ठीक, हा हिशेब आपल्या सर्वांच्या अंगात इतका भिनला आहे की तो मोडायला व्याख्यान पुरत नाही. माझ्या मते या सरावाचा खरा हेतू एवढाच आहे. बाकीची कौशल्ये त्याच्या सोबतीने येतात.

‘मॉक ड्रिल’ हा शब्द मी मुद्दाम टाळतो आहे. आपल्याकडे मॉक ड्रिल म्हटले की फलक, पाहुणे, फोटो आणि आधीपासून ठरलेला यशस्वी शेवट डोळ्यांसमोर येतो. येथे जो सराव सांगतो आहे त्यात प्रेक्षक नसावेत, शेवट ठरलेला नसावा, आणि चूक झाली तर ती खोलीबाहेर जाणार नाही याची हमी सुरुवातीलाच सर्वांना दिलेली असावी.

जागा आणि माणसे

सराव सभागृहात घेऊ नये. ज्या आपत्कालीन कक्षात रुग्ण येतो तिथेच, त्याच खाटेवर, तिथल्याच कपाटातले साहित्य वापरून घ्यावा, कारण कोणती वस्तू कुठे सापडत नाही हे तिथेच कळते. वेळ ओपीडी संपल्यानंतरची किंवा पाळी बदलण्याच्या आसपासची धरावी, म्हणजे दोन पाळ्यांची माणसे मिळतात. वैद्यकीय अधिकारी, दोन सिस्टर, एक वॉर्डबॉय मामा, औषध निर्माण अधिकारी आणि शक्य असल्यास १०८ च्या गाडीवरचे डॉक्टर व पायलट, म्हणजे चालक, एवढे जण पुरेत. पायलटला बोलवायला विसरू नये. गाडीत सिलिंडर किती भरलेले आहे आणि घाटातून वर जायला खरोखर किती वेळ लागतो, हे त्याच्याइतके नेमके कोणालाच सांगता येत नाही.

खरा गंभीर रुग्ण आला तर सराव त्या क्षणी बंद करायचा, हे आधी ठरवावे आणि त्यासाठी ‘सराव थांबवा’ हे दोन शब्द सर्वांना माहीत असावेत. बाहेर बसलेल्या नातेवाइकांना आत काय चालले आहे याची कल्पना द्यावी. खरा धूर, खरी आग किंवा धूर सोडणारी यंत्रे अजिबात वापरू नयेत, कारण ऑक्सिजन सुरू असलेल्या खोलीत ठिणगी हीच मोठी दुर्घटना असते. सरावासाठी वापरायच्या औषधांच्या रिकाम्या कुप्यांवर लाल शाईने ‘फक्त सरावासाठी’ लिहावे आणि शेवटी त्या मोजून परत घ्याव्यात. मुदत संपलेली खरी औषधे ‘सरावापुरती’ म्हणून कपाटात ठेवण्याची सवय धोक्याची आहे.

महागडा मॅनिकिन, म्हणजे सरावाचा पुतळा, नाही म्हणून अडून बसण्याचे कारण नाही. रुग्णाच्या भूमिकेत बोलका माणूस असेल तर सरावाचा पहिला भाग मॅनिकिनपेक्षा चांगला होतो, कारण घोगरा आवाज आणि गोंधळलेली नजर प्लॅस्टिकला जमत नाही. श्वासनलिकेत नळी घालण्याची वेळ आली की सूत्रधाराने, म्हणजे सराव घेणाऱ्याने, ‘आता रुग्ण इथे’ म्हणून शेजारच्या टेबलावरचे मॅनिकिनचे डोके पुढे करावे.

रूप देण्यासाठी स्वयंपाकघर पुरते. चुलीवरच्या पातेल्याच्या बुडाची काजळी चिमूटभर घेऊन ती थोड्या ग्लिसरीनमध्ये कालवावी आणि कापसाच्या बोळ्याने नाकपुडीच्या कडेला, वरच्या ओठावर आणि पुढच्या दातांच्या मुळाशी लावावी. फार लावू नये. खऱ्या रुग्णाच्या तोंडातली काजळी टॉर्च लावल्याशिवाय बहुधा दिसत नाही, आणि टॉर्च कोणी लावतो का हेच आपल्याला पाहायचे असते. कोळशाची पूड मिसळलेला कोरफडीचा गर किडनी ट्रेमध्ये टाकला की काळ्या थुंकीचे काम होते. जळक्या कपड्याच्या वासासाठी एक जुना सदरा आदल्या दिवशी अंगणातल्या राखेत घोळवून ठेवावा.

मॉनिटरच्या जागी पुठ्ठ्याची कार्डे चालतात. नाडी, श्वासाचा वेग, रक्तदाब आणि ऑक्सिजनचा आकडा ठळक अक्षरांत लिहावा, आणि जोवर कोणी ते मोजायला सांगत नाही तोवर कार्ड उलटू नये. ऑक्सिजनच्या कार्डावर मात्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत ९७ किंवा ९८ च राहील.

प्रसंग

वेळ रात्री साडेनऊ. पंचेचाळीस वर्षांचा शेतकरी, दोन नातेवाईक आणि घरातली पाच महिन्यांची गरोदर सून. गोठ्याच्या माळ्यावर कडबा, जुनी फोमची गादी आणि पीव्हीसी पाइप होते. तो दोनदा आत गेला. सून वासरू काढायला एकदा आत गेली होती, पण तिला भाजलेले नाही, म्हणून तिला कोणी रुग्ण म्हणून आणलेले नाही. ती दाराजवळच्या बाकावर बसते. सूत्रधाराने तिच्याबद्दल चकार शब्द काढायचा नाही.

पहिल्या पाच मिनिटांत शेतकऱ्याची नाडी ११८, श्वास मिनिटाला २६, रक्तदाब १३६/८४, ऑक्सिजन ९८. तो तारीख चुकीची सांगतो, डोके दुखते म्हणतो, आवाज बसलेला आहे. नातेवाइकाने मध्येच म्हणावे, ‘डॉक्टर, यांचा आवाज असा नव्हता हो.’ हे वाक्य संहितेत ठळक करून ठेवावे, कारण घरच्या माणसाने सांगितलेला आवाजातला बदल ही सूज सुरू झाल्याची पहिली पावती असते आणि ती ऐकूनही न ऐकल्यासारखी केली जाते. या टप्प्यात अपेक्षित कृती थोड्याच आहेत. आकडा काहीही असला तरी रिझर्व्हॉयर पिशवी असलेल्या मास्कने मिनिटाला १५ लिटर ऑक्सिजन सुरू करावा, रुग्णाला टेकून बसते करावे, जळके कपडे व अंगठी-कडे काढावे, टॉर्चने तोंड व नाक पाहावे, साखर तपासावी, ईसीजी काढावा आणि नेमके काय जळत होते हे विचारावे.

शेवटचा प्रश्न औपचारिकता नाही. पीव्हीसीच्या धुरातून हायड्रोजन क्लोराइड निघतो, तो श्वासनळ्यांना झोंबतो. सायनाइड मात्र फोम, लोकर, रेशीम, नायलॉन यांसारख्या नायट्रोजन असलेल्या पदार्थांच्या जळण्यातून निघते. गादीचा उल्लेख फक्त विचारल्यावरच करावा. बंद जागेत धूर, शुद्ध हरपणे, रक्तदाब कोसळणे आणि रक्तातले लॅक्टेट (पेशींना ऑक्सिजन वापरता आला नाही की साठणारे आम्ल) खूप वाढलेले असणे असे चित्र जुळले तर सायनाइडचा संशय धरावा लागतो. त्यावर हायड्रॉक्सोकोबालामिन, म्हणजे बी-१२ जीवनसत्त्वाचेच एक रूप, हे पसंतीचे औषध आहे, प्रौढाला ५ ग्रॅम शिरेतून पंधरा मिनिटांत. ते ग्रामीण रुग्णालयाच्या साठ्यात सहसा नसते. सरावात कोणीतरी हमखास सुचवते की बी-१२ ची इंजेक्शने आहेत ना, तीच देऊ. १ मिलिग्रॅमची कुपी धरली तरी ५००० कुप्या लागतील, हा हिशेब फळ्यावर एकदा मांडला की तो विषय कायमचा संपतो. सायनाइडवरचा दुसरा उतारा, सोडियम थायोसल्फेट, कुठे मिळू शकतो, हे जिल्हा रुग्णालयाला आधीच विचारून ठेवावे. सोडियम नायट्राइट हा तिसरा उतारा मात्र धुराच्या रुग्णाला देऊ नये, कारण कार्बन मोनॉक्साइडने काही हिमोग्लोबिन आधीच अडवलेले असताना ते उरलेल्यातलेही काही निकामी करते.

सहाव्या मिनिटाला रुग्ण मास्क ओढू लागतो. नातेवाईक म्हणतात, ‘यांना झोपेचं इंजेक्शन द्या.’ येथे डायझेपाम किंवा मिडाझोलाम मागवले गेले तर सूत्रधाराने ते देऊ द्यावे, अडवू नये. दोन मिनिटांनी रुग्णाचा श्वास मंदावला की खोलीला आपोआप कळते की ती तगमग मेंदूला ऑक्सिजन न पोहोचल्याची होती. छातीत घरघर असेल तर साल्ब्युटामॉलचे नेब्युलायझेशन द्यावे. स्टेरॉइड आणि अँटिबायोटिक ‘खबरदारी म्हणून’ देण्याची गरज नसते, त्यावर वेळ घालवणाऱ्यांना पुढच्या कामाकडे वळवावे.

दहाव्या मिनिटाला श्वास आत घेताना घशातून शिट्टीसारखा आवाज येतो. हा आवाज मोबाइलवर साठवून उशीखाली ठेवलेल्या लहान स्पीकरवरून वाजवावा. रुग्णाला थुंकी गिळता येत नाही. आता निर्णयाची घडी आहे, आणि सरावाचे खरे मोल इथे आहे. नळी घालायला सरावलेला हात हजर असेल तर सूज पूर्ण चढण्याआधी घालावी, शक्य तर ८ क्रमांकाची, म्हणजे पुढे दुर्बिणीने काजळी काढता येते. नळी बाहेरून कापून आखूड करू नये, कारण चेहरा सुजला की ती आत ओढली जाते. भाजलेल्या कातडीवर चिकटपट्टी टिकत नाही, म्हणून ती सुती फितीने बांधावी. नळी घालताना स्नायू सैल करणारे सक्सिनिलकोलीन भाजल्यानंतरच्या पहिल्या चोवीस तासांत चालते, हेही अनेकांना नव्याने कळते. सरावलेला हात नसेल तर एकट्याने धाडस करण्याऐवजी रुग्णाला बसते ठेवून, ऑक्सिजन चालू ठेवून, भूलतज्ज्ञाला आणि १०८ ला एकाच वेळी फोन लावावा. त्याच वेळी गळ्यातून श्वासमार्ग उघडण्याचे साहित्य, म्हणजे पाते, बूजी (नळीला वाट दाखवणारी लवचीक कांडी) आणि कफ असलेली ६ क्रमांकाची नळी, एका ट्रेमध्ये उशाशी काढून ठेवावे. या शेवटच्या कौशल्याचा वेगळा सराव खाटकाकडून आणलेल्या बकऱ्याच्या श्वासनलिकेवर उत्तम होतो. तिच्यावर फोमचा पातळ तुकडा ताणून बसवला की कातडीची जाडी जाणवते.

आणि बाकावरची सून? आठव्या मिनिटाला तिला मळमळून उलटी होते. एका सरावात मावशींनी येऊन फरशी पुसली, कोणीतरी तिला ओआरएस दिले आणि सगळे पुन्हा खाटेकडे वळले. कोणीही तिचे नाव विचारले नाही. डोकेदुखी आणि मळमळ एवढीच कार्बन मोनॉक्साइडची लक्षणे असू शकतात, अंग चेरीसारखे लाल होणे पुस्तकात जितके दिसते तितके प्रत्यक्षात दिसत नाही. गर्भाचे हिमोग्लोबिन हा वायू अधिक काळ धरून ठेवते, म्हणून गरोदर स्त्रीला बरे वाटू लागल्यावरही ऑक्सिजन जास्त वेळ चालू ठेवावा लागतो आणि तिलाही वर पाठवावे लागते. थोडक्यात, दोन रुग्ण आहेत आणि खोलीत भरलेले सिलिंडर एक आहे.

ऑक्सिजनचा हिशेब

हा भाग सरावात तोंडी न उरकता कागद-पेन्सिल देऊन करून घ्यावा. साध्या हवेत रक्तातला कार्बन मोनॉक्साइड निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर साधारण तास-सव्वातास ते दीड तास. म्हणजे ऑक्सिजन हेच औषध आहे आणि ते रस्त्यात संपणे म्हणजे औषध अर्ध्यावर थांबणे.

लहान बी-टाइप सिलिंडरची पाण्याची क्षमता सुमारे १० लिटर असते आणि भरल्यावर दाब १५० किलो प्रति चौरस सेंटिमीटरच्या आसपास, म्हणून त्यात सुमारे १५०० लिटर वायू मावतो. मिनिटाला १५ लिटरने तो १०० मिनिटे पुरतो. मोठ्या डी-टाइपमध्ये सुमारे ७००० लिटर असतो, तो साडेसात तासांहून थोडा अधिक चालतो. गेजवरचा काटा ७० वर असेल तर बी-टाइपमध्ये ७०० लिटरच उरले आहेत, म्हणजे पाऊण तास. आता जिल्ह्याच्या ठिकाणी पोहोचायला दोन तास लागत असतील तर १८०० लिटर लागतील, वाटेत टायर बसला किंवा फाटक लागले तर आणखी. एक भरलेला बी-टाइपसुद्धा एका रुग्णाला पुरणार नाही, मग दोघांचे काय? येथे पायलटला बोलू द्यावे. ५ लिटरचा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर पिशवीच्या मास्कला पुरेसा प्रवाह देऊ शकत नाही, पिशवी पडलेली राहते, हे मास्क हाताला लावून दाखवावे.

मास्कचीही एक गोष्ट जवळून दाखवावी. पिशवी आधी आतील झडपेवर बोट दाबून फुगवून घ्यायची असते, मगच मास्क चेहऱ्याला लावायचा. पहिल्याच सरावात आमची पिशवी पाच मिनिटे चपटी होती आणि कोणाच्या लक्षात आले नाही, कारण फ्लोमीटर ६ वर होता. त्याआधीची तीन मिनिटे तर सिलिंडरची चावी शोधण्यातच गेली होती. ती शेवटी प्रसूतिकक्षातल्या खिडकीत सापडली.

वर पाठवताना

फोनवर काय बोलायचे याचाही सराव घ्यावा, कारण रात्री अकराला वरच्या रुग्णालयातले निवासी डॉक्टर घाईत असतात. चार वाक्ये पुरतात: रुग्ण कोण, काय घडले, आत्ता कसा आहे, आपल्याला काय हवे. उदाहरणार्थ, ‘पंचेचाळीस वर्षांचा पुरुष, बंद गोठ्यात दोनदा धुरात गेला, फोम जळत होता. भाजले कमी आहे, पण आवाज बसला आहे आणि घशातून आवाज येतो. शंभर टक्के ऑक्सिजनवर आहे, आकडा ९८ आहे पण त्यावर विश्वास नाही. नळीसाठी भूलतज्ज्ञ आणि व्हेंटिलेटरची खाट हवी.’ शेवटून दुसरे वाक्य उच्चारले गेले की सराव सफल झाला असे मी धरतो. एमएलसीची (पोलिसांशी संबंधित वैद्यकीय प्रकरणाची) नोंद आणि पोलिसांना कळवणे आवश्यकच आहे, पण कागद पूर्ण होईपर्यंत गाडी थांबवून ठेवू नये. हे काम कोण करणार ते संहितेत नेमून द्यावे.

नंतरची बैठक

प्रसंग पंधरा-वीस मिनिटांचा असेल तर बैठक त्याच्या दुप्पट वेळ चालावी. खुर्च्या गोल मांडाव्यात आणि साहेबांनी सर्वांत शेवटी बोलावे. आपल्याकडच्या रुग्णालयांत ही अट पाळणे सर्वांत अवघड जाते, कारण वैद्यकीय अधिकारी आधी बोलले की सिस्टर केवळ होकार देतात. सुरुवातीला प्रत्येकाने काय वाटले ते एका वाक्यात सांगावे, म्हणजे धडधड खाली बसते. त्यानंतर सूत्रधाराने ‘असे का केले नाही’ हा प्रश्न टाळून ‘त्या वेळी तुम्हाला काय दिसत होते’ असे विचारावे. मास्क उशिरा का लागला याचे उत्तर बहुधा अज्ञान नसते. सिस्टरच्या मनात ऑक्सिजन लावावा असे आलेले असते, पण ९८ पाहून डॉक्टर काही म्हणाले नाहीत म्हणून त्याही थांबलेल्या असतात. हे एकदा उघडपणे बोलले गेले की ‘धुराचा रुग्ण असेल तर आकडा न पाहता, न विचारता सिस्टरने ऑक्सिजन लावावा’ असा नियम त्याच बैठकीत ठरवून भिंतीवर लावता येतो.

सूत्रधाराने मिनिटांची नोंद ठेवावी: आत आल्यापासून मास्क लागेपर्यंत, टॉर्च लागेपर्यंत, पहिला फोन जाईपर्यंत आणि सुनेकडे कोणी वळेपर्यंत. गुण देऊ नयेत. पुढच्या सरावात हीच चार मोजमापे पुन्हा घ्यावीत. दर तीन-चार महिन्यांनी प्रसंग बदलावा: थंडीत बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून झोपलेले कुटुंब, ज्यांत भाजणे नाही आणि धुराचा वासही नाही, किंवा रुग्णालयातच एखाद्या कक्षात धूर झाला तर काय. भंडारा जिल्हा रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे नवजात शिशूंच्या कक्षाला लागलेल्या आगीत दहा बालके दगावली, त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयातल्या अतिदक्षता कक्षाला आग लागली. रुग्णालयातच धूर झाल्याच्या प्रसंगात रुग्ण बाहेर काढण्याचा क्रम आणि ऑक्सिजनचा मुख्य पुरवठा कोणी बंद करायचा, हा निराळाच अभ्यास आहे, त्यासाठी अग्निशमन दलाची माणसे बोलवावीत.

बैठकीतून फार तर तीन सुधारणा निवडाव्यात, त्यापुढे नाव आणि तारीख घालावी आणि रजिस्टरमध्ये लिहून ठेवावे. आमच्या पहिल्या यादीत पिशवीच्या मास्कांचा साठा, नियमाचा कागद आणि सिलिंडरला दोरीने बांधलेली चावी एवढेच होते. पुढचा सराव सुरू करण्याआधी सूत्रधाराने एकट्याने जाऊन पाहावे की दोरीला चावी अजून आहे का.